शंभर इंच पावसाचा कोरडा मुलूख

भूगोलाच्या पेपरात स्थलांतरित शेतीवर प्रश्न आला की आपले पेन थांबत नाही. ईशान्य भारतात तिला 'झूम' म्हणतात, मध्य अमेरिकेत 'मिल्पा' आणि ब्राझीलमध्ये 'रोका'. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला शेतकरी झाडे तोडतो, वाळवतो, जाळतो, त्या राखेत कसावा लावतो आणि दोन-तीन वर्षांनी जमिनीचा कस गेला की पुढच्या तुकड्याकडे वळतो, हे सारे आपल्याला तोंडपाठ असते. परंतु कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एस.टी.त बसल्यावर दीड-दोन तासांत, फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत, दोन्ही बाजूंच्या शेतांतून जो धूर उठताना दिसतो तो कसला, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? दक्षिण अमेरिका आपल्या अभ्यासक्रमात आहे. मुरबाड आणि शहापूर नाहीत. म्हणून ह्या लेखात मी ह्या दोन तालुक्यांविषयी लिहायचे ठरवले आहे.

मला ते थोडेफार ठाऊक आहे ह्याचे कारण माझी आत्या मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका लहान गावात दिलेली आहे. आम्ही डोंबिवलीचे. मे महिना आणि दिवाळी ह्या दोन्ही सुट्ट्या माझ्या तिच्याकडे गेल्या. एकाच गावाची ही दोन रूपे पाहताना एक गोष्ट माझ्या मनात ठसली, आणि पुढे भूगोल विषय घेतल्यावर तिची कारणेही कळली. ती गोष्ट अशी की, पाऊस असणे आणि पाणी असणे ह्या दोन वेगळ्या बाबी आहेत. त्या मुलखातले पीक, घर, सण, लग्नसराई, स्थलांतर, सारे काही ह्या एका फरकातून उभे राहिले आहे.

भिंत आणि उतार

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांपैकी पाच मुंबईच्या सावलीत वाढलेले आहेत. पूर्वेकडचे दोन, मुरबाड आणि शहापूर, हे अजून प्रामुख्याने शेतीचे आणि रानाचे तालुके. त्यांच्या पूर्वेला सह्याद्रीची सरळ भिंत उभी आहे. माळशेज घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे, तर पायथ्याची गावे शंभर-दीडशे मीटरवर. भिंतीच्या अलीकडे सिद्धगड, गोरखगड, माहुली असे सुटे डोंगर, त्यांच्या सोंडा, आणि सोंडांच्या मधून अरुंद सपाट पट्टे. ह्या पट्ट्यांतच भात पिकते.

हा मुलूख कधी आडबाजूचा नव्हता. सातवाहनांच्या काळी जुन्नरहून कल्याण आणि सोपारा बंदरांकडे जाणारा माल नाणेघाटाने ह्याच वाटेने उतरत असे. घाटातल्या लेण्यातला नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तिथे आहेत. म्हणजे कल्याणचे आणि ह्या पायथ्याचे नाते दोन हजार वर्षांचे आहे. तेव्हा तिथून माल येई, आज काय येते ते पुढे पाहू.

अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे ह्या भिंतीला अडून वर चढतात आणि पायथ्याला वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर, म्हणजे शंभर इंच पाऊस देतात. पुण्याच्या पावसाच्या हा तिपटीहून अधिक. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो, आणि पडल्याबरोबर निघूनही जातो. निघून जाण्याची कारणे दोन. पहिले म्हणजे उतार. माळशेजच्या बाजूने येणारी काळू नदी टिटवाळ्यावरून वाहत, भातसेचे पाणी बरोबर घेऊन कल्याणजवळ उल्हासला मिळते. हा प्रवास शंभर किलोमीटरचाही नाही. दुसरे कारण खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून हा काळा पाषाण झाला. वाळूच्या खडकासारखा तो पाणी पीत नाही. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात मावेल तेवढेच पाणी जमिनीत राहते. विहीर ह्या मुरमावर जगते, आणि होळी उलटली की तिचा तळ दिसू लागतो.

येथे एक गमतीची, खरे तर गमतीची नसलेली गोष्ट लक्षात घ्यावी. जो खडक विहिरीला पाणी पुरू देत नाही, तोच धरणाचे पाणी मात्र चांगले धरून ठेवतो. भरपूर पाऊस, अरुंद खोरी आणि न झिरपणारा तळ हे तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे अभियंता धरण बांधतो. त्यामुळे तानसा, भातसा, बारवी ही धरणे ह्या दोन तालुक्यांतच व्हावीत ह्यात नवल नाही. आणि त्याच तालुक्यांत वैशाखात टँकर यावा, ह्यातही भूगोलाच्या दृष्टीने नवल नाही. नवल असलेच तर ते माणसांच्या व्यवस्थेत आहे.

राब

आता त्या धुराकडे वळू. आत्याच्या भाषेत जमिनीचे तीन प्रकार आहेत. बांध घालून सपाट केलेली ती खाचरे, म्हणजे भाताची जमीन. त्यांच्या वरच्या अंगाला उताराची हलकी जमीन, ती वरकस. तिच्यावर नागली, वरई होते, गवत होते, गुरे चरतात. आणि त्याच्याही वर रान. पाहुण्याला ही तीन वेगळी वाटतात. शेतकऱ्याला ती एकच असतात, आणि त्यांना एकत्र बांधणारी दोरी म्हणजे राब.

राब म्हणजे भाताचे रोप जिथे तयार करायचे तो जमिनीचा तुकडा भाजणे. थंडी सरत आली की ऐनासारख्या झाडांच्या फांद्या पाल्यासकट छाटून आणतात. ह्याला कवळ म्हणतात. रोपाच्या जागेवर आधी शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि पालापाचोळा, आणि सगळ्यांत वर बारीक माती. मातीमुळे जाळ भडकत नाही, धुमसत राहतो. वारा ज्या दिशेने येतो तिच्या उलट टोकाला आग लावतात, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते आणि जमीन खोलवर तापते. तापल्याने तणाचे बी आणि किडी मरतात, राखेचे खत मिळते, आणि माती अशी भुसभुशीत होते की पुढे रोप उपटताना मुळे तुटत नाहीत. शंभर इंच पावसात तणाशी झुंजणाऱ्याला ह्या शेवटच्या दोन गोष्टींची किंमत कळते.

ब्राझीलचा 'रोका' आणि आपला राब ह्यांतला फरक येथे स्पष्ट होतो. तिथे शेत रानाकडे जाते. इथे रान शेताकडे आणतात. शेत मात्र पिढ्यानपिढ्या तेच राहते. म्हणूनच वरकस जमीन भातखाचराला जोडलेली असे. इंग्रजी अमलात जंगल राखीव होऊ लागले तेव्हा कवळ तोडण्याच्या हक्कावरून असंतोष झाला, आणि १८८५ साली मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राबाचा प्रश्न त्यातील महत्त्वाच्या प्रश्नांपैकी एक होता. राबात तोटेही आहेत. झाडे खुरटतात, शेण खत म्हणून जायचे ते जळून जाते. पण हे सांगताना त्याच्याऐवजी शेतकऱ्याने काय करावे, हेही सांगितले पाहिजे.

मृगापासून दसऱ्यापर्यंत

रोहिणीच्या अखेरीस भाजलेल्या जागेवर कोरड्यातच भात पेरून ठेवतात. ही धूळवाफेची पेरणी. ७ जूनच्या सुमारास मृग लागला आणि पाऊस वेळेवर आला की तीन-साडेतीन आठवड्यांत रोप हातभर होते. मग आवणी, म्हणजे लावणी. पुनर्वसूच्या पावसाला तिथे 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' म्हणतात. आवणी तरण्यातच उरकावी, असा प्रयत्न असतो.

आवणीच्या दिवसांत आत्या पहाटे चारला उठते. चूल पेटवून तांदळाच्या भाकऱ्या, वालाचे कालवण किंवा सुकट, आणि सात वाजता सगळे शेतावर. पुरुष चिखलणी करून फळीने चिखल सारखा करतात. बायका राबावरचे रोप उपटून त्याच्या मुठी बांधतात आणि वाकून, मागे सरकत, चिखलात रोप खोचत जातात. दिवसभर पाऊस पाठीवर. पूर्वी डोक्यावर पळसाच्या पानांचे इरले असे; आता प्लॅस्टिकचा कागद असतो. एका घराची माणसे ह्या कामाला पुरत नाहीत, म्हणून सावड चालते : आज सगळे आमच्या शेतावर, उद्या तुमच्या. हिशेब लिहून ठेवत नाहीत, पण चुकतही नाही. आवणीत कोणी आजारी पडले तर त्याची खाचरे पडून राहू नयेत ही गावाची जबाबदारी समजतात.

भाताचे तीन प्रकार : लवकर येणारे हळवे, मधले निमगरवे आणि उशिराचे गरवे. उताराच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात हळवे; खोलगट, पाणी धरणाऱ्या खाचरात गरवे. हा निर्णय म्हणजे प्रत्येक खाचराच्या मातीची परीक्षा असते. आज बियाणे बहुतेक दुकानातून येते, त्यात कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या जातीही असतात. पण कोणते बी कोणत्या खाचरात, हे अजून घरातच ठरते.

दसऱ्यानंतर कापणी. कापलेले भात दोन-तीन दिवस शेतातच वाळू देतात, मग भारे बांधून खळ्यावर नेतात, झोडतात आणि पेंढ्याची उडवी रचतात. भीती असते ती ह्या दोन-तीन दिवसांची. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या आरंभी अरबी समुद्रात लागोपाठ वादळे झाली आणि अवकाळी पावसाने कोकणभर कापलेले भात पाण्यात भिजले. आत्याच्या खाचरांत लोंब्यांना कोंब फुटले होते. त्या दिवाळीत मी तिथे होतो. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते, एवढे मला आठवते.

दिवाळीनंतर

भात घरात आले की वर्षाचे खाणे झाले. पण रोख पैसा झाला असे नव्हे. ओलाव्यावर वाल, हरभरा होतो. ज्याच्याजवळ नदीचे किंवा बंधाऱ्याचे पाणी आहे तो भेंडी, काकडी करून बाजारात पाठवतो. गवत आणि पेंढा गुरांच्या तबेल्यांकडे जातो. पौष पौर्णिमेला म्हसे येथे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. तिथला बैलांचा बाजार नावाजलेला आहे, आणि घोंगड्या घ्याव्यात त्याही तिथेच.

परंतु ज्यांच्याकडे खाचर नाही किंवा असून नसल्यासारखे आहे, त्यांचे काय? कातकरी आणि ठाकूर समाजाच्या वाड्यांवर दिवाळीनंतर फिरावे, तर अनेक झोपड्यांना काटक्यांची दारे लावलेली दिसतात. माणसे वीटभट्टीवर गेलेली असतात : कल्याण, भिवंडी, त्याही पलीकडे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची आणि पुढचे सहा महिने ती फेडायची. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने असल्याने नवरा, बायको आणि बहुधा मुलेही कामाला लागतात. विटेची माती बहुतेक अशाच शेतांतून येते आणि भट्टी भाजायला भाताचा तूस वापरतात. आपल्या डोंबिवलीच्या कितीतरी इमारतींच्या भिंतींत मुरबाड-शहापूरची माती, तूस आणि श्रम ही तिन्ही आहेत, असे म्हटले तर ते अलंकारिक बोलणे नव्हे.

ह्या मुलांचे शाळेचे वर्ष मध्येच तुटते. जूनमध्ये नाव असते, जानेवारीत बाक रिकामा. एका मे महिन्यात आत्याच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा माझ्याकडे गणिते सोडवायला येई. त्याला भागाकार येत नव्हता, पण एका कुटुंबाच्या दिवसाच्या किती विटा होतात आणि उचलीतून किती वजा जातात, हे तो तोंडी सांगे. त्याला गणित येत नाही असे मी कसे म्हणू?

पाणी कुणाचे

चैत्र-वैशाखात आत्याच्या गावची विहीर खरवडून पाणी काढावे लागते. बायका रात्री दोन-तीन वाजता नंबर लावतात, कारण रात्रभर झिरपून पहाटे दोन-चार हंडे जमतात. दुसरा झरा नदीच्या पात्रात, पाऊण तासाच्या वाटेवर. डोक्यावर दोन हंडे घेऊन दिवसातून तीन खेपा, म्हणजे पाण्यापायी सकाळ संपते. शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर तर उन्हाळ्यात टँकर हाच आधार असतो.

ह्याच वेळी आपल्या नळाला पाणी कुठून येते ते पाहा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच मुंबईत आहेत. तानसा १८९२ सालापासून शहापूर तालुक्यातून पाणी देतो आहे. त्याच तालुक्यातल्या भातसा धरणाचा वाटा आज सर्वांत मोठा आहे. मुरबाड तालुक्यातल्या बारवी धरणाचे पाणी औद्योगिक विकास महामंडळामार्फत कारखान्यांना आणि आपल्या परिसरातील शहरांना मिळते. कल्याण-डोंबिवली महापालिका उल्हास नदीतूनही पाणी उचलते. ही उल्हास मे महिन्यात काळूसारखी आटत का नाही? तर घाटमाथ्यावर पुणे जिल्ह्यात टाटांनी आंध्रा नदीचे पाणी अडवले, आणि ते वीज निर्माण करण्यासाठी भिवपुरीला खाली सोडतात. वीज झाल्यावर ते उल्हासमध्ये येते. म्हणजे बंगालच्या उपसागराला जायचे ते पाणी डोंगर पोखरून आपल्या नळात आले. पैसा आणि यंत्र असले म्हणजे पाणी डोंगरही ओलांडते. नसले म्हणजे धरणाच्या काठावरच्या पाड्यावरही चढत नाही.

मी हे शहराला दोष देण्यासाठी लिहीत नाही. माणसे आहेत तिथे पाणी नेलेच पाहिजे, आणि मीही त्याच नळाचे पाणी पितो. पण काळू नदीवर महानगरासाठी धरण बांधण्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. ते झाले तर आणखी काही गावांची खाचरे बुडतील. तेव्हा "पाणी हाय, पन आमच्यासाठी नाय," हे आत्याचे म्हणणे निदान नकाशा समोर ठेवून ऐकावे, एवढीच अपेक्षा आहे.

वरकसची किंमत

गेल्या काही वर्षांत ह्या भागात आणखी एक बदल झाला आहे. रस्ते सुधारले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शहापूरमधून जाणारा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. आसनगावहून लोकलने नोकरीला जाणारे आहेत, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे आहेत. माझा आतेभाऊ त्यांपैकीच. तो आवणीसाठी रजा काढतो. बैल कमी झाले, पॉवर टिलर आले. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा भात तंत्र' पुढे आणले. त्यात गादीवाफ्यावर थेट टोकणी करतात, चिखलणी आणि आवणी दोन्ही टळतात. माणसेच मिळेनाशी झालेल्या गावाला अशा वाटांचा विचार करावाच लागेल.

ह्याबरोबरच शहरातले लोक सुट्टीच्या घरांसाठी जमीन शोधत येतात. त्यांना खाचर नको असते, वरकस हवी असते : उंचावरची, डोंगराचा देखावा असलेली, कागदावर हलकी आणि डोळ्यांना रिकामी दिसणारी. आत्याच्या धाकट्या दिराने आपला हिस्सा विकला. तिथे आता तारेचे कुंपण आहे, आत कूपनलिका आहे आणि हिरवळ आहे. गुरांना रानात जायला वळसा पडतो. आत्याच्या हिश्शालाही गिऱ्हाईक आले होते. घरात आठ दिवस बोलणी झाली. आतेभावाचे म्हणणे चुकीचे नव्हते : एवढा पैसा भातातून वीस वर्षांत मिळणार नाही. आत्याने एवढेच विचारले, "मंग राब कशाचा भाजायचा? गुरं कुठं बांधायची?" वरकस गेली तर कवळ गेले, गवत गेले, त्यामागून गुरे आणि शेण गेले, आणि उरलेले खाचर दुकानच्या खताच्या पिशवीवर आले. पाहणाऱ्याला जो माळ रिकामा दिसतो, तो वास्तविक भरलेला असतो. तूर्त तो तुकडा विकलेला नाही. पुढच्या वर्षी काय होईल, ते भावाच्या नोकरीवर आणि पावसावर अवलंबून आहे.

भूगोल हा स्थळांची नावे पाठ करण्याचा विषय नाही. माणूस आपल्या जमिनीशी कसा तडजोड करून राहतो, हे समजून घेण्याचा आहे, असे आम्हांला पहिल्याच तासाला सांगितले गेले. त्यासाठी आपल्या विभागाने दरवर्षी ह्या तालुक्यांतल्या एखाद्या गावाच्या विहिरींची पातळी कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत मोजावी, अशी माझी सूचना आहे. खर्च एका दोरीचा आणि एस.टी.च्या तिकिटाचा. आणि ज्यांना तेवढेही जमणार नाही त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. पहिला पाऊस झाला की कल्याण-डोंबिवलीच्या स्थानकांबाहेर आदिवासी बायका शेवळे, काकडे, पुढे करटोली आणि भारंगी घेऊन बसतात. भाजी घेताना भाव विचारतोच, तसे गावही विचारावे. त्या ज्या गावाचे नाव सांगतील ते नकाशावर शोधावे, आणि त्याच्या सर्वांत जवळचे धरण कोणते, तेही पाहावे.